दहा मोजेपर्यंत

२४ मार्च, सोमवार
उपासना आजही बोलली नाही. अडीच वर्षांची झाली. माझ्या पाळणाघरातल्या आठ पोरांत हिच्याइतकं समजूतदार कुणी नाही — दारातल्या चपला जोडीनं लावून ठेवते, कुणाची वाटी कुठली तेही बिनचूक ओळखते. पण तोंडातून शब्द म्हणून नाही.

संध्याकाळी तिची आई समता न्यायला आली. शेजारच्या मच्छे गावातल्या कारखान्यातून थेट. म्हणाली, "आक्का, सासू म्हणत्यात आई घरात न्हाय म्हणून पोर मुकी झाली. चौदा एप्रिलची जयंती झाली की काम सोडायचं ठरलंय." त्यांच्या घरातून कारखान्यात गेलेली पहिली बाई ती. मला राग आला, पण कुणावर ते कळेना.

२६ मार्च
समतानं दवाखान्यात पोरीचे कान तपासून आणले. कान चांगले. सगळं समजतंय, महिन्यानं परत दाखवा, म्हणाले. तिच्या सासूला, गंगव्वाआक्कांना, पटलं नाही.

२८ मार्च
पंचायतीत पाळणाघराच्या बायकांचं ट्रेनिंग. शिकवणाऱ्या मॅडम काल आमच्याकडे दिवसभर बसून बघून गेल्या होत्या. आज सगळ्यांसमोर मलाच उभं केलं. मला वाटलं, कौतुक! येळ्ळुरात माझं नावच आहे — मंगलआक्काकडं पोराला काही मागावं लागत नाही.

"तेच चुकतंय," मॅडम म्हणाल्या. "उपासना घागरीकडं बघते, तुम्ही पाणी देता. मग ती बोलेल कशाला? मनात दहा मोजा, मग हात पुढं करा."

घरी येईपर्यंत धुसफुसत होते. दोन लेकरं वाढवली, नातू वाढवला, आणि ही मला शिकवणार! भाकरी थापताना मात्र आठवलं — रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असं आपणच म्हणतो. मी तर रडायच्या आधीच पाजणारी.

२९ मार्च
दहा मोजणं फार अवघड. तीनलाच हात जातो. दिवसभर स्वतःला मोठ्यानं बजावत होते — थांब मंगल, थांब.

३ एप्रिल
आंबील वाढली. उपासनाची वाटी मुद्दाम माझ्याजवळ ठेवली. ती बघत राहिली, मी मोजत राहिले. थांब मंगल, थांब. सातला तिचे डोळे भरले. दिली वाटी. हे शिकवणं आहे की छळ, देव जाणे.

८ एप्रिल
आज केळ्याकडं बोट केलं आणि "अं" म्हणाली! नऊ झाले होते. मी केळं सोलताना रडले, पोरं बघत बसली.

११ एप्रिल
गंगव्वाआक्का स्वतः आल्या. मी "अं"चं सांगितलं. त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू लई करतीस गं मंगल. पण आईची सर येती व्हय?"

खरं लिहायचं तर भीती माझीच आहे. समतानं काम सोडलं की पोरगी घरीच राहणार. इथं येणार नाही. एवढी माया लावून घ्यायला नको होती.

१४ एप्रिल
जयंती. सुट्टी. मिरवणुकीत आजीच्या कडेवर दिसली. मी हात केला, तिनंही केला.

१५ एप्रिल
समता आणि गंगव्वाआक्का सकाळीच आल्या — पोरीचे कपडे, वाटी न्यायला. काम सोडायची चिठ्ठी समताच्या पर्समध्ये. निघताना उपासना उंबऱ्यावर बसून चप्पल घालत होती. पट्टा बसेना. मी सवयीनं वाकले.

तिनं माझा हात बाजूला केला. म्हणाली, "थांब मंगल. थांब."

पट्टा तिनंच लावला.

मग गंगव्वाआक्का सुनेवर खेकसल्या, "बघत काय ऱ्हायलीस? मच्छ्याची बस जाईल तुझी."