झारचं नाव आणि पोराचं नाव

पेत्रोग्राद, ३ मार्च १९१७

ती. बाबांना ग्लाफिराचा सा. न. वि. वि.

बाबा, आधी खाली बसा आणि मग वाचा. झार गेला! काल त्यानं गादी सोडल्याच्या कागदावर सही केली, भावाला गादी देऊ केली, आणि आज भावानंही लांबूनच हात जोडले. तीनशे वर्षांचे रोमानोव्ह आठवडाभरात आटोपले! आणि सुरुवात कुणी केली, ठाऊक आहे? आम्ही गिरणीतल्या बायकांनी. पावाच्या रांगेत उभं राहून जीव विटला होता. तेवीस तारखेला यंत्रं बंद केली, रस्त्यावर आलो, आणि शेजारच्या लोखंडी कारखान्याच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारले. पुरुष बाहेर येईनात, तेव्हा मीच ओरडले की येत नसाल तर आमचे परकर धाडून देते. आले मुकाट्यानं! पाचव्या दिवशी सैन्यही आमच्या बाजूला. आता दुकानांच्या पाट्यांवरचे झारचे दोन डोक्यांचे गरुड शिडी लावून उतरवताहेत.

मुख्य गोष्ट अशी, की सगळे राजकीय कैदी सुटणार. म्हणजे आपला तीखोन सुटणार! चार पत्रकं वाटली म्हणून पोरानं सहा वर्षं सायबेरियात काढली, आणि तुम्ही बाप असून त्याला एक ओळ लिहिली नाहीत. फादर अव्क्सेंतींनी चर्चमधली नोकरी जाईल असा धाक घातला होता, हे मला कळतं. त्याला ते कळत नाही. आता कुणाची भीती आहे, बाबा?

आईला घट्ट मिठी. मी भांडखोर असले तरी तुमचीच आहे, तेव्हा माया पातळ करू नका.

तुमची ग्लाफिरा


झाओझेर्ये, ८ मार्च

चि. ग्लाफिरास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईनं तीनदा वाचून घेतलं. परकराचा भाग चारदा.

मला मात्र गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. झार गेल्याची बातमी स्टेशनावरून शनिवारीच आली होती. रविवारच्या प्रार्थनेआधी फादरनी मला बजावलं, की झारचं नाव गाळ आणि सरळ पुढं चल. पण एकतीस वर्षं फादरच्या हाताखालचा दीकन म्हणून तीच प्रार्थना गातोय मी! तोंड उघडलं आणि गळा आपला सुसाट. झार, झारीण, राजमाता, युवराज, सगळ्यांना पदव्यांसकट दीर्घायुष्य मागून मोकळा झालो. काचा थरथरल्या. मग तो लंगडा सैनिक सावेली खो खो हसला आणि मागोमाग सगळं चर्च. बाहेर पडताना म्हणाला कसा, की दीकनबुवा, ज्याची नोकरीच सुटली त्याला कशाला बढती मागता!

तुझी आई तेवढी हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, की ज्यानं पोरगा नेला त्याचं नाव तुमच्या जिभेवर बसलंय, आणि पोराचं नाव सहा वर्षांत तुम्ही या घरातसुद्धा घेतलं नाहीत. खरं आहे गं ते. कोबीचं सूप तसंच टाकून उठलो. लिहायला बसतो आणि कागद कोराच राहतो. कोणत्या तोंडानं लिहू?

प्रकृतीला जप. म्हाताऱ्यावर फार रागावू नकोस.

तुझा बाप येव्लाम्पी


पेत्रोग्राद, १४ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी गिरणीत मैत्रिणींना वाचून दाखवलं. त्या हसून लोळल्या, आणि मला रडू आलं.

आज तीखोनची तार आली. सुटला! सायबेरियातल्याच क्रास्नोयार्स्कला पोचलाय. विचारतो, की बाबांच्या घरात मला जागा आहे का. तुम्ही स्वतः बोलावलंत तर येईन म्हणतो, नाहीतर तिथंच छापखान्यात काम मिळतंय. मी मध्ये पडायचं नाही, अशी मला ताकीद दिली आहे. बावीस तारखेपर्यंत वाट बघेल. मग तो कायमचा तिकडचाच होईल, बाबा, त्याचा हट्ट तुमच्यावरच गेलाय.

टपाल वेळेत पोचायचं नाही. तार करा, आणि आईकरवी नको, तुम्ही करा.

घाईत आहे, पण लोभ नेहमीचाच.

ग्लाफिरा


झाओझेर्ये, ६ एप्रिल

चि. ग्लाफिरास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तसा मी टोपी घालून निघालो. गोठलेली व्होल्गा ओलांडून स्टेशनापर्यंत गुडघाभर राडा तुडवला. तारमास्तरनं कागद पुढं केला. मी लिहिलं, ये. त्यानं विचारलं, एवढंच का. मग खाली आणखी एक शब्द लिहिला, चुकलो.

उत्तर काही आलं नाही. ईस्टर झाला. आईनं त्याच्या वाटणीची रंगवलेली अंडी वेगळी काढून ठेवली. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

ईस्टरच्या आठवड्यात कुणीही चर्चच्या मनोऱ्यावर चढून घंटा वाजवाव्यात, ही आपली रीत. काल दुपारी तुझी आई चढली. थोडा वेळ वाजवल्यावर घंटा एकदम थांबली आणि ती वरून मला हाका मारू लागली. धापा टाकत गेलो. समोरच्या काठावरून एक माणूस गाठोडं घेऊन नदीच्या बर्फावर उतरला होता. खांदा पाडून चालण्याची ती ढब मी हजारात ओळखेन. पण तो सरळ जुन्या वाटेनं निघाला होता! यंदा त्या वाटेवरचा बर्फ मध्येच पोखरला आहे. म्हणून आम्ही डावीकडून फांद्या रोवून नवी वाट केली, हे त्याला कुठून माहीत असणार? खाली पळून जाईपर्यंत तो संपला असता.

ग्लाफिरा, मी कठड्याला धरलं, छातीभर श्वास घेतला आणि त्याचं नाव घेतलं. तीखोन, असं. मग पुन्हा, आणि पुन्हा. झारसाठी एवढा आवाज मी कधी लावला नव्हता. तो थबकला. डावीकडे हो, फांद्यांच्या वाटेनं ये, असं मी ओरडत राहिलो, आणि तो वळला. तुझी आई माझा झगा मुठीत धरून उभी होती.

काठाशी गावच लोटलं. फादर अव्क्सेंतीही आले आणि कुणाला हाक मारली म्हणून विचारू लागले. मी सगळ्यांदेखत सांगितलं, की हा माझा मुलगा तीखोन आहे, आणि इतकी वर्षं हे न सांगणारा मी गाढव आहे.

तीखोननं गाठोडं चिखलात टाकलं आणि ईस्टरच्या रीतीनं माझे तीनदा मुके घेतले. माझा आवाज बसलाय, आज शब्द फुटत नाही. रविवारी प्रार्थना दुसऱ्या कुणाला तरी म्हणू दे.

बर्फ फुटून होडी सुरू झाली की रजा काढून ये. सगळे वाट बघतोय.

तुझा आणि तीखोनचा बाप,
येव्लाम्पी