ससेवाल्यांचं फिरतं पाकीट

५ नोव्हेंबर १९६१, अमरावती

पाकीट आलं एकदाचं. पावसाळ्यात मी विचारलं होतं, सशाला ओला पाला द्यावा का. उत्तर आज मिळालं: देऊ नये. आता परसात ओलं म्हणून एक पान शिल्लक नाही. आणि आमचा ससा, दिपोटी, पावसाळाभर तोच पाला खाऊन टुणटुणीत आहे.

बाळापूरच्या शेख मास्तरांचं अक्षर पाहून डोळे निवले. सात ओळी, त्यात सगळं. अकोल्याच्या कुमुदताईंची चार पानं. सशाबद्दल दोन ओळी, बाकी जावेबद्दल. शेंदूरजनाघाटचे वामनराव लिहितात, ससे संत्र्याची कलमं कुरतडतात तरी हाकलवत नाही. कु.ताईंनी आपलं जुनं पत्र काढलंच नाही, नवं वर टाचलं. पाकीट गाभण म्हशीसारखं फुगलंय. पुन्हा एकदा सगळ्यांना लिहिलं: वाचा, आपलं जुनं काढा, नवं टाचा, चार दिवसांत पुढच्याला धाडा. अमरावती, अकोला, बाळापूर, शेंदूरजनाघाट, परत अमरावती. माझ्या पाचवीच्या मुलींना हे कळलं असतं.

८ नोव्हें.

कु.ताईंचा मावसभाऊ पाकिटात यायचं म्हणतो. त्याच्याकडे पोपट. मी साफ लिहिलं, ससा नाही त्याला पाकीट नाही. पोपटवाल्यांनी पोपटांचं काढावं. हा नियम मी केलाय आणि चांगलाच केलाय. आज पोपट घेतला की उद्या बदकं येतील.

पाकीट टपालात टाकलं.

१५ नोव्हें.

शाळेत दिपोटीसाहेब तपासणीला येऊन गेले. न सांगता आले, सगळीकडे नाक खुपसलं, बिस्किटं खाल्ली, शेरा टाकून गेले. घरी येऊन आमच्या दिपोटीकडे पाहिलं. नाव अगदी बरोबर ठेवलंय. फक्त आमच्याचा शेरा झाडूने निघतो.

बाबा खाटेवरून: "मी गँगमन होतो तवा रुळावर ससा दिसला का आमी गोटा मारो. रातच्याले रस्सा होये. अन् तू त्याले गाजर चारून राहिली." रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ही खाट हेच त्यांचं स्टेशन. येणाऱ्याजाणाऱ्याला तिथूनच सिग्नल.

२० नोव्हें.

दिपोटी कालपासून खात नाही. हरभऱ्याचा पाला पुढे धरला, तोंड फिरवलं. पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सज्जन. बैलाच्या औषधाची बाटली हातात घेतली, सशाकडे पाहिलं, बाटली ठेवून दिली. "बाई, मला यातलं कळत नाही." पाकिटाला विचारावं तर पाकीट अकोल्यात की बाळापुरात, कोण जाणे.

२२ नोव्हें.

दिपोटी गेला.

शाळेतून आले तर बाबांनी परसात खड्डा खणून ठेवलेला. मी सांगितलं नव्हतं. कंबर दुखते म्हणून पाण्याची बादली उचलत नाहीत, आणि खड्डा असा की त्यात वासरू मावेल. माती लोटून झाल्यावर म्हणाले, "आता दुसरा आनू नको व माय. तुह्यं तोंड पाहवत नाही."

३ डिसेंबर

पाकीट आलं. कोऱ्या कागदासमोर बसले आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ससा नाही त्याला पाकीट नाही. म्हणजे मला नाही.

शाळेत सगळ्याजणींना नवरे, सासवा, पोरं. मधल्या सुट्टीत त्यांचं बोलणं सुरू झालं की मी वह्या तपासते. "सुमनबाईंचं बरं आहे" एवढंच माझ्या वाट्याला. पाकिटातल्या तिघांना मी कधी पाहिलेलं नाही. पण मला खोकला झाला तर बाळापुरात कळतं. महिन्याने कळतं, पण कळतं. मला पाकीट सोडायचं नाही. सोडायचं नाही म्हणजे नाहीच. आणि नियमही मोडता येत नाही. तो पोपटवाला टपून बसला असेल.

लिहिलं: दिपोटी वारला. तीन दिवस अन्न नव्हतं. नियमाप्रमाणे मी बाहेर. ही फेरी संपून पाकीट माझ्याकडे आलं की माझं पत्र काढून घेईन आणि पुढे अकोल्याला धाडीन, ते शेवटचं.

टाचणी तीनदा बोटात गेली.

१० डिसें.

धीर करून बाबांना विचारलं, दुसरा आणू का?

"नाई."

"पण बाबा..."

"लग्नाले तू नाई म्हनली, तवा मी आयकलं. आता तू माह्यं आयक."

भाकरी थापल्या. जाड झाल्या.

२३ डिसें.

मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, चेहरा का उतरलाय? म्हटलं, ससा गेला. त्या हसल्या. मग मीही हसले. घरी येईपर्यंत स्वतःचा राग येत होता. दिपोटीसाठी एवढंही गंभीर राहता येऊ नये?

७ जानेवारी १९६२, रविवार

काय दिवस! क्रमाने लिहिते.

परसात धुणं वाळत घालत होते. ओट्यावर कोणीतरी हुंदके देऊन रडतंय. बाहेर आले तर एक धिप्पाड, फेटेवाला माणूस. पायाशी संत्र्यांची टोपली, काखेत ओल्या हरभऱ्याची पेंडी. समोर खाटेवर बाबा, अडकित्ता उघडाच हातात, त्याच्याकडे टकमक पाहतायत.

"तुमी काका काय बाईचे?"

"काहून?"

"मोठा मानूस गेला हो घरचा. मी वामनराव, शेंदूरजन्याचा. पाकिटात वाचलं अन् राहावलं नाही."

"कोन गेला?"

"बाईचे वडील."

बाबा सुपारी चावायचे थांबले. "मीच हावो ना तिचा बाप."

वामनराव पायरीवरच बसले.

त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. पाकीट त्यांनी टपालात न टाकता स्वतःच आणलं होतं. उघडलं. माझं पत्र जागेवर नाही. टाचणीला फक्त एक कोपरा, त्यावर "स. न. वि. वि." आणि कडेला दातांचे ठसे. शेख मास्तर काय, वामनराव काय, जन्मभर ससे पाळले आणि तो कोपरा पाहून दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही! खाल्लं कोणी ते उघड आहे. कु.ताईंच्या सोन्याने, म्हणजे त्यांच्या सशाने. पण आधी त्यांनी वाचलं असणार, कारण पुढे त्यांचं सांत्वन, तीन पानं: नाव घ्यायला हात धजत नाही, किती गरीब जीव, कधी कोणाला दुखावणं नाही, हरभरा किती प्रिय, पाऊल वाजलं की मान वर. शेख मास्तरांना मिळालं ते एवढंच. त्यांना माहीत, सुमनच्या घरी सुमन आणि म्हातारे वडील. त्यांनी श्रद्धांजली वडिलांना वाहिली. ते वाचून वामनरावांनी टोपली भरली.

"अन् हा हरभरा?" बाबांनी विचारलं.

"त्याहिले लय आवडे असं ताईनं लिवलं होतं. म्हटलं त्याहिच्या नावानं न्यावा."

"मले हरभरा बाधते."

मी तोंडाला पदर लावला. वामनराव हळूहळू हसायला लागले, मग थांबेचनात, फेटा सुटला. बाबा हसले नाहीत.

चहा ठेवला. वामनराव भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहत म्हणाले, "म्हनूनच म्हटलं, तेरवीची तारीख कोनी कशी लिवली नाही."

"आमच्यात तेरवी नसते," बाबा म्हणाले, आणि वामनरावांच्या कपाकडे पाहत राहिले. छप्पन सालच्या दीक्षेआधीही पाहायचे, अजून पाहतात. मीही पाहत होते, लपवत कशाला. वामनरावांनी चहा बशीत ओतला, फुर्र करून प्याले आणि अजून अर्धा कप मागितला. तेव्हा बाबांनी त्यांना सुपारी दिली.

वामनरावांना खरं काय ते सांगितलं. म्हणाले, मग तुम्ही पाकिटातून जाणार? म्हटलं, नियम आहे. "नियम कोनाचा?" मी संत्री काढून टोपली रिकामी करून दिली.

८ जाने.

अकोल्याला आणि बाळापूरला कार्डं टाकली: वडील खुशाल आहेत, गेला तो ससा.

१० जाने.

बाबांनी शेख मास्तरांचं पत्र आज तिसऱ्यांदा वाचून घेतलं. "बाप नुसता खाटेवर बसून असला तरी घराला आतून कडी असते. ज्याने लेकीला इतकं शिकवलं की ती चार गावांच्या माणसांना ओळीत उभं करते, त्या माणसाला माझा सलाम."

"हा मानूस मले कोठून ओळखते?"

"ओळखत नाहीत."

"मंग बराबर कसं लिवलं?"

पत्राची घडी घालत: "जितेपनी कोनी असं लिवत नाही व. मले वाचाले भेटलं." आणि डोळे पुसले, उघडपणे, धोतराच्या सोग्याने. मी काही त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं.

मग हुकूम: "याले जवाब द्या लागते. पाकिटात माह्यं पत्र टाक."

"पाकिटात लिहायला घरी ससा लागतो, बाबा."

"हा नियम कोन्या बह्याडानं केला?"

"मी."

१८ जाने.

कु.ताईंचं कार्ड. "कसं सांगू सुमनताई, तुमचं पत्र सोन्यानं खाल्लं, शाईसकट. दुःखाचं पत्र होतं म्हणून सांगवेना. त्याला काही झालं नाही, काळजी नसावी." आणि तुमच्या वडिलांना पुनर्जन्माच्या शुभेच्छा. खाली, अगदी बारीक अक्षरात: मावसभावाने ससा घेतलाय, जागा आहे का?

पाकीट अजून माझ्याकडे. चार दिवसांचा नियम मीच मोडून बसलेय. पुढे धाडलं की संपलंच, म्हणून हात होत नाही.

२२ जाने.

काल बाबा सकाळी चहा न घेता गायब. शेजारच्या काकू म्हणाल्या, वरुडच्या एस.टी.त बसताना दिसले. दिवसभर माझा जीव टांगणीला. संध्याकाळी आले, धुळीने माखलेले, खुशीत, आणि काखेत टोपली. टोपलीत राखाडी ससा. वामनरावांकडचा. नाव वाटेत ठेवून झालेलं: मुकादम.

मला कोण आनंद झाला! हात पुढे केला.

"हात नको लावू. माहा ससा हाये हा."

"म्हणजे?"

"माह्या नावाचा. आता पाकिटात मी लिवीन."

"आणि मी?"

"तुह्याकडं ससा कोठी हाये?"

बसलेच मी मोरीच्या कठड्यावर. खरंच, कुठे आहे?

२५ जाने.

मुकादम खाटेवर झोपतो. बाबा त्याला गाजर कापून देतात, साल काढून. मला आजवर संत्रं सोलून दिलेलं आठवत नाही. रुळावरच्या रश्श्याची आठवण करून दिली तर म्हणाले, "तो वेगळा ससा होता."

२८ जाने., रविवार

दुपारी मला लिहायला बसवलं. त्यांचं अक्षर मोठं, एका पानात चार ओळी. म्हणून ते सांगणार, मी लिहिणार.

"लिव. शेख मास्तर, सलाम. मी मेलो नाही. तुमी लिवलं ते मले पटलं. लिवलं? मुकादम दोन टायम खाते. ताई, तुमच्या सोन्याले कागद देऊ नका, त्याले लाकूड द्या कुरतडाले. लिवलं?"

"लिहिलं."

"आता लिव. नियमानं माही पोरगी बाहेर झाली. पन मले तुमाले इचाराचं हाये. ती शाळेतून येते, भाकरी टाकते, वह्या पाहते. बोलत नाही. पाकीट आलं का गानं म्हनते. बेसूर म्हनते, पन म्हनते. तिले काढू नका. लिवलं?"

"लिहिलं," म्हटलं. लिहिलं नव्हतं. कसं लिहिणार? आपल्याच हाताने, आपल्याबद्दल, आणि ते शेख मास्तरांनी वाचायचं, कु.ताईंनी जावेला सांगायचं. "मुकादम" नंतर लाकूड, लाकडानंतर थेट "कळावे".

"वाच."

वाचून दाखवलं. गाळलेलंही वाचलं, कागदाकडे पाहत, न अडखळता. बेसूरसुद्धा.

"दे इकडं. सही करतो."

चष्मा लावला. पण सही नाही करत आहेत. पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचतायत, ओठ हलवत. गँगमनच्या रात्रशाळेत शिकले तसे, अक्षर न अक्षर. मी इथे रोजनिशी उघडून काहीतरी लिहिण्याचं सोंग करतेय. मुकादम त्यांच्या मांडीवर.

तिसरी ओळ. सोन्यापर्यंत आले.

लाकूड.

बोट "कळावे" वर थांबलंय. पान उलटून मागची बाजू पाहिली. कोरी. चष्म्यावरून माझ्याकडे पाहतायत. मी मान वर केली नाही.

आता कोरी बाजू वर ठेवून हात पुढे केलाय. पेन मागतायत, आणि घरात पेन एकच, हे