डावीकडची सीट

१२ जानेवारी
आजपासून रोज लिहिणार. विषय : माझी जुनी स्पोर्ट्स कार (१९६३ मॉडेल, लाल, दोन सीट) विरुद्ध इंद्रायणीने परवा आणलेली एसयूव्ही (पांढरी, सात सीट). मी कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे तुलना निःपक्षपाती होईल. निकाल अर्थात लाल गाडीच्या बाजूने.

१४ जानेवारी, सकाळी
पिकअप. लाल गाडीला जीव आहे, एसयूव्हीला ॲप आहे.
तिळगूळ देता देता इंद्रायणी म्हणाली, विकून टाक ती, नाना गेल्यापासून तू गाडीतच राहायला गेलायस. बायको चांगली आहे, पण इंजिनिअरिंग कळत नाही.

१९ जानेवारी
तांत्रिक नोंद. गाडी न्यूट्रलला असली की डावीकडच्या सीटवरून घसा खाकरल्यासारखा आवाज येतो. नाना, म्हणजे वडील, चहाच्या आधी असेच खाकरायचे. योगायोग. कार्बोरेटर दाखवायला हवा.

२० जानेवारी
भोसरीच्या मेकॅनिकने कार्बोरेटर खोलून साफ केला. म्हणाला, भाऊ, एकदम ओके. आवाजही एकदम ओके आहे.
भूतबित मी मानत नाही. डावी सीट जरा मागे सरकवली. नानांचे गुडघे दुखायचे. म्हणजे, कुणाचेही दुखू शकतात.

२७ जानेवारी
कम्फर्ट. नाना या गाडीत कधी बसले नाहीत. जमिनीवरच बसायचं तर अंगणात बसतो की, म्हणायचे. आता रोज बसतात.
खोडून : आता आवाज रोज येतो.
निघोज्यातून जाताना त्यांना दाखवतो, हे आपलं वांग्याचं रान, इथं आता कंपनीचं गेट झालंय. एकट्याने बडबडल्याने ट्रॅफिकमध्ये डोकं शांत राहतं. कुठेतरी वाचलंय.

२ फेब्रुवारी
आवाज बंद. प्लग बदलले, परत जुने बसवले. गाडीला शिव्या दिल्या, मग सॉरी म्हणालो. खरं तर बिघाड दुरुस्त झाला, आनंदाची गोष्ट. जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी
नानांच्या वर्षश्राद्धाचं सांगायला मंचरला आत्याकडे. बाकी सगळ्या एसयूव्हीत, मी लाल गाडीने मागून. प्लॅन : राजगुरुनगरच्या आत ओव्हरटेक.
चाकणला तळेगाव चौकातच बॉनेटमधून वाफ. गाडी बंद. ट्रकवाल्यांनी ढकलून कडेला लावून दिली. एकाने विचारलं, राव, ही चालती का नुसती दाखवायची?
इंद्रायणीने गाडी वळवून आणली. एसयूव्हीचं मागचं दार उघडून धरलं फक्त. पुढे ती आणि आमची लेक उत्कर्षा, मधल्या रांगेत आई, आईच्या शेजारची सीट रिकामी. पाठ पार मागे पाडलेली. मी टेकणार एवढ्यात आई ओरडली,
"आरं, तिथं नगं! ह्ये बसल्यात न्हाई का!"
मी विचारलं, कधीपासून?
"झालं की आठ दिस. तुझ्या गाडीत पाय लांब करता येत न्हाईत म्हनं."
उत्कर्षा हसली नाही. इंद्रायणीने आरशात बघितलं आणि एसीची हवा त्या बाजूने कमी केली.
मी सगळ्यात मागे जाऊन बसलो, तांदळाच्या पोत्याला टेकून. चौकातून सुटल्यावर पुढे वाकून हळूच विचारलं, नाना, बरं वाटतंय का?
आई मागे वळली.
"गप की जरा. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."