दिवसा न दिसणारी ज्योत

कॅनडा, ३ ऑक्टोबर १९९४

ती. बाबांस शालूचा सा. न. वि. वि.

फोनवर किती ओरडलात हो! बूथवाल्यासकट अख्ख्या टाउनशिपला कळलं असेल, भालचंद्ररावांची लेक हायड्रोजनशी खेळते म्हणून. पुन्हा समजावते. सोन्याच्या पातळ पत्र्यावर आम्ही हायड्रोजन गोठवतो, शून्याखाली दोनशे सत्तर अंशांवर. त्यात म्युऑन सोडायचे. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा दोनशेपट वजनदार भाऊ. तो इलेक्ट्रॉनला हाकलून त्याच्या जागी बसतो आणि अणू इवलासा होऊन जातो. हा इवला अणू शेजाऱ्यांवर आपटत फिरतो. पण एका ठरावीक वेगाला त्याला कुणी अडवतच नाही, भर गर्दीतून सरळ बाहेर! तो वेग मला मोजायचाय. म्युऑनचा झोत वर्षातून बाराच दिवस मिळतो, यंदा २५ तारखेपासून.

आणि हो, हायड्रोजन गळला की वाजणारी शिट्टी मीच बंद केली. थंडाव्यासाठी हीलियम भरलं तरी ती बोंबलते, मग सगळे बाहेर, तासभर काम ठप्प. तुमच्या कारखान्यातल्या जनित्रात ते थंड ठेवायला खोलीभर हायड्रोजन असायचा, माझ्याकडे एक सिलिंडर. उगाच जीव टांगणीला लावू नका. आईला सांगा, स्वेटर पोचला, बाह्या चक्क सारख्या आहेत.

लोभ आहेच, ओरडा कमी असावा.
शालू

भोपाळ, १४ ऑक्टोबर १९९४

चि. शालूस बाबांचे अनेक आशीर्वाद.

आईला पत्र वाचून दाखवताना शिट्टीचा भाग गाळला. त्या डिसेंबरातल्या वायुगळतीला आता दहा वर्षं होतील, पण शेजारी मिरच्या जळाल्या तरी ती अजून धावत खिडक्या लावते.

फोनवर बोललो नाही ते लिहितो. मागे रांग होती, आणि खरं म्हणजे धीर नव्हता.

गोपीनाथकाकाचा भाजलेला चेहरा तू लहानपणापासून पाहत आलीस. एक्याऐंशी साली आम्हा दोघांना कारखान्याच्या चाचणी विभागात जनित्र उघडायचं होतं. आधी कार्बन डायऑक्साइड सोडून हायड्रोजन हाकलायचा, मगच हवा आत घ्यायची, हा नियम. हायड्रोजन कुठे गळला तर घंटा वाजायची. ती एरवीही ऊठसूट वाजायची. वैतागून त्या सकाळी मी तिची तार काढली. नेमका तेव्हाच एक सांधा गळला, हायड्रोजन पेटला, आणि घंटा वाजलीच नाही. शालू, हायड्रोजनची ज्योत दिवसा दिसत नाही. गोपीनाथ सरळ चालत तिच्यात गेला. आम्हाला ज्योत दिसलीच नाही, नुसता तो ओरडताना दिसला.

चौकशीच्या आधी मी तार परत जोडली. घंटा ठीक आढळली. इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं, असा शेरा गोपीनाथवर पडला आणि त्याची बढती गेली. मी तोंड उघडलं नाही. तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

हे वाचून माझी लाज वाटली तर वाटू दे. पण आधी ऊठ आणि शिट्टी चालू कर. पत्र पंचवीसच्या आत पोचावं म्हणून आत्ताच पोस्टात नेतो.

तुझा लोभ राहिला नाही तरी चालेल, तू राहा.
बाबा

कॅनडा, २७ ऑक्टोबर १९९४

ती. बाबांस सा. न.

पत्र पंचवीसला सकाळी मिळालं. आधी संतापच आला. काकांनी मला सायकल शिकवली, बाबा! तशीच तणतणत गेले आणि शिट्टी चालू केली. सगळे हसले. काल दुपारी ती वाजली. हीलियम कुणी भरत नव्हतं. सिलिंडरचा सांधा गळत होता, आणि तिथून चार हातांवर दिलीप, माझा जोडीदार, तापलेल्या सोल्डरिंग गननं तारांना डाग देत बसला होता. मी इतक्या जोरात किंचाळले की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

कुणाला काही झालं नाही. झोताचे दोन दिवस मात्र गेले. जाऊ देत.

पण काकांना सांगा, बाबा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी लिहीन. धमकी नाही ही. दिलीपकडे बघितलं की मला काकाच दिसतात.

तुमचीच,
शालू

भोपाळ, ९ नोव्हेंबर १९९४

चि. शालूस आशीर्वाद.

तू सुखरूप आहेस हे वाचून देवापुढे साखर ठेवली आणि लगेच बस पकडून साकेत नगरला गोपीनाथकडे गेलो. दोनदा त्याच्या दारावरून तसाच पुढे गेलो. एवढी भीती मला कारखान्यात कधी वाटली नव्हती.

सगळं सांगितलं. गोपीनाथनं ऐकून घेतलं, रागावला नाही. म्हणाला, चौकशीत घंटा ठीक निघाली तेव्हा त्यानं मानलं की ती वाजली असणार, आपल्यालाच ऐकू आली नाही. तेव्हापासून तो स्वतःला बहिरा समजतो. कान तीनदा तपासले, डॉक्टर म्हणाले ठणठणीत, तरी विश्वास बसेना. भजनात तबला वाजवायचा, ते सोडलं. नातवाला कडेवर घेऊन रस्ता ओलांडत नाही, मागून गाडी आली तर कळणार नाही म्हणून.

मग त्यानं डोळे मिटले आणि आवाज मोजायला लागला. कुकर. पंखा. खालचा भाजीवाला. प्रत्येक आवाजाला मला विचारी, भालू, हा आहे ना? मी आहे म्हणायचो. तेरा वर्षांनी त्यानं कानावर विश्वास ठेवला तो माझ्या शब्दावरून, शालू, माझ्या!

शेवटी म्हणाला, आता तू जा, आणि परत येऊ नकोस.

घरी आलो. आता आईला सांगायचं आहे. ती स्वयंपाकघरात आहे.

लोभ ठेवशील तर तुझे उपकार.
बाबा