भर पावसाळ्यात दिसलेला तारा

बाई, परवा शाळेत आम्ही एका मरणाऱ्या ताऱ्याचा फोटो काढला. लोणावळ्यात ढग इतके खाली उतरले होते की समोरचं मैदान दिसत नव्हतं, आणि आम्ही सकाळच्या तासाला चिलीतल्या एका डोंगरावरची दुर्बीण इथून संगणकावर चालवत होतो. तिकडे तेव्हा रात्र, आकाश निरभ्र. मागच्या खेपेला आमची वेळ आली तेव्हा नेमके तिकडेच ढग आले होते आणि मुलं हिरमुसून घरी गेली होती, म्हणून या वेळी कुणी बोलतच नव्हतं. पहिलं चित्र करडं, दाणेदार आलं. मग लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून घेतलेली चित्रं एकावर एक बसवली आणि पडद्यावर एक कडं उमटलं. बाहेरून तांबूस, आत निळसर. ग्रहीय तेजोमेघ म्हणतात त्याला. नावात ग्रह असला तरी ग्रहाशी संबंध नाही. म्हातारा तारा आपले बाहेरचे थर सोडून देतो, त्या वायूचं ते कडं.

मी सातवीत असताना आई गेली. आत्या म्हणायची, आई तारा झाली. तुम्ही आमच्या विज्ञानाच्या बाई, भेटायला कामशेतहून आमच्या गावी वडिवळ्याला आलात. मी चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही शेजारी पाटावर बसलाय. मी विचारते, "बाई, माजी आई कंचा तारा झाली?"

तुम्ही पाट माझ्याजवळ ओढलात. "तारा नाही झाली गं. मी तुला खोटं सांगणार नाही."

आत्या चिडली. "लेकराला असं बोलत्यात व्हय, बाई?"

"उद्या माझ्याच वर्गात ती तारे शिकणार," तुम्ही शांतपणे म्हणालात, "तेव्हा तिची आई दुसऱ्यांदा जाईल." मग माझ्याकडे वळलात. "आई कशी होती, ते सांग मला."

घरात तोवर तिचं नाव कुणी काढत नव्हतं. मी सांगत सुटले, आवणीत भाताची रोपं लावताना ती गाणं अर्धंच म्हणायची, उरलेलं बायकांना म्हणायला लावायची. "भाकरी करपतेय, तिकडे बघ आधी," तुम्ही दटावलंत, आणि लगेच, "हं, पुढे?" नंतर कितीतरी रविवार तुम्ही येत राहिलात, दर वेळी तिच्याविषयी काहीतरी नवं विचारलंत. पुढे पुढे आत्याच आधी बोलायला लागायची. आता मीही शिकवते. रडणाऱ्या मुलासमोर खरं बोलायला केवढी छाती लागते, ते मला कळतं.

परवा मुलांच्या टाळ्या थांबल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, हा मेला का?"

"मरतोय. सावकाश."

"मग मधे काय उरतं?"

"लहानसा गाभा. पांढरा, खूप तापलेला."

तुम्ही गेलात, आता हे पत्र टाकणार कुठे? राहील टेबलाच्या खणात. एवढंच सांगते, त्यानंतर पाणी पिऊन येते म्हणून मी वर्गाबाहेर गेले, पण पाणी प्यायलेच नाही. व्हरांड्यात उभी राहून रडून घेतलं. आईसाठी नाही, बाई. तुमच्यासाठी.