दुखणाईतांचा बाक

दि. ३ फेब्रुवारी

चि. सौ. ठमाबाईस,
अ. उ. आ.

आपल्या नाचाच्या हॉलमध्ये माझ्या हातचं काय काय आहे, ते एकदा लिहून काढतो. सबंध फळ्यांची जमीन, खाली रबराचे तुकडे घातलेली, म्हणजे गुडघ्यांना हिसका बसत नाही. एकही स्क्रू वर डोकावत नाही, वाटल्यास मोजे घालून चालून बघ. गाणी लावायचं टेबल, छातीएवढं उंच. बुटांची मांडणी. भिंतीलगतचा लांब बाक, ज्याला मी मागाहून पाठ लावली. तुझ्या दुखऱ्या गुडघ्यासाठी स्पंज ठोकलेलं ठेंगणं स्टूल. आणि दाराशेजारची पाटी : ‘इथे कोणी कोणाला नाही म्हणत नाही.’ यातलं काही शिकायला मी कोणाच्या दारात गेलो नाही. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी हे.

हे सगळं मोडत चाललंय, ठमे. म्हणून पत्र.

एक नर्सबाई नव्याने येऊ लागल्या होत्या. पंधरवड्यापूर्वी बुटांच्या मांडणीपाशी मला गाठून म्हणाल्या की, जागेचे मालक, म्हणजे तूच ज्यांना ‘अत्तरदाणी’ नाव ठेवलंस ते, संथ गाण्यात हात पाठीवरून खाली नेतात, आणि आपण तो हात बाजूला सरकवला तर पकड आवळतात. मी अत्तरदाणींना विचारलं. ते हसले, म्हणाले, नवीन आहेत, ताल चुकतो, धरावं लागतं. मग मी आपल्या हॉलवर कुठल्याही भांडणाला जे करतो तेच केलं. दोघांना मधोमध उभं केलं, सगळ्यांना बाजूला बसवलं आणि एक गाणं लावलं. एकत्र नाचले की मिटतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. बाई अख्खं गाणं नाचल्या. मग बुटांचे बंदही न बांधता जिना उतरून गेल्या.

पुढच्या शनिवारी बायका निम्म्याही नव्हत्या. काल तर पुरुष पुरुषांचीच तोंडं बघत बसले. मला झोप नाही. ती पाटी मी का लावली ते तुला माहीत आहे. पहिल्यांदा परक्या हॉलवर गेलो तेव्हा नखांत वंगण बघून एकीनेही हात दिला नव्हता. तू ये. तू अत्तरदाणींबरोबर नाचलेली आहेस. बायकांना समजावून सांग की माणूस तसा नाही. तुझं ऐकतील.

गुडघ्याला शेक घेत जा. लोभ आहे तेवढा पुरे, पण लवकर ये.

तुझा,
दादा


दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

पत्र पोचलं. मी येणार नाही आणि समजावणार तर मुळीच नाही. का ते लिहायला चार दिवस गेले, यांनी दोनदा विचारलं की एवढं काय लिहितेस.

माझा गुडघा कधीच दुखला नाही, दादा.

तुझ्या हॉलवर कोणी कोणाला नाही म्हणत नाही. पण गुडघा नाही म्हणू शकतो, हे मला अत्तरदाणीबरोबरच्या तिसऱ्या नाचानंतर सुचलं. तू बिचारा दुसऱ्याच दिवशी लाकूड आणून स्टूल करायला बसलास. स्पंज कमी पडतो का, म्हणून मला चारदा बसवून पाहिलंस. तेव्हा कुठल्या तोंडाने सांगणार होते? त्या स्टुलावर पाय ठेवून मी दोन वर्षं दुसऱ्यांचं नाचणं पाहिलं. नाचायला मला किती आवडायचं ते तुला ठाऊक आहे.

आणि मी एकटी नव्हते. बाकावर कोण कोण बसायचं, आठव. शिवणकामवालीची कंबर. बँकेतल्या बाईंची चक्कर. शाळेतल्या बाईंचा पाय, जो संथ गाणं लागलं की मुरगळायचा. तुला वाटलं, बायकांची दुखणी वाढली, म्हणून तू बाकाला पाठ लावलीस. आम्ही त्या पाठीला टेकून एकमेकींकडे बघायचो नाही.

नर्सबाईंनी काय केलं? दुखण्याचं निमित्त काढलं नाही, तोंडाने सांगितलं. आणि तू त्यांना परत त्याच हातात दिलंस. वर गाणं लावलंस.

रागावलास तर रागाव. तरी मी तुझीच.

ठमी


दि. २६ फेब्रुवारी

चि. सौ. ठमीस,
अ. आ.

तुझं पत्र घेऊन रिकाम्या हॉलवर गेलो आणि पहिल्यांदाच त्या बाकावर बसलो. माझं टेबल मी छातीएवढं केलं, ऐटीत. तिथून खांदे दिसतात, चेहरे दिसतात. बाकावरून हात दिसतात.

नर्सबाईंना भेटायला हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबलो. माझा हेतू वाईट नव्हता असं सुरू केलं, तर त्या म्हणाल्या, तुमच्या हेतूचं मी काय करू, पुढे काय करणार ते सांगा. माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही.

शनिवारी जे चारदोन लोक होते त्यांच्यासमोर पाटी उतरवली. नर्सबाईंची तक्रार खरी आहे आणि मी ती पायाखाली घातली, हे बोललो. अत्तरदाणींना सांगितलं की तुम्ही इथे यायचं नाही. ते म्हणाले, इथे म्हणजे कुठे, जागा माझी आहे. महिनाअखेर खाली करायची नोटीस आली.

शिवणकामवाली आली होती. बाकावर बसली नाही, दारातच उभी राहून गेली. बाकी कोणी नाही. कोणी परत येईल असं मला वाटत नाही, आणि आले तर कुठे नाचणार?

आजपासून स्क्रू काढतोय. फळ्या त्या खोलीच्या मापाच्या, दुसरीकडे बसणार नाहीत. स्टूल आधी फोडलं. तुला विचारायला हवं होतं, पण त्याच्याकडे बघवेना.

तुझा लोभ मागायचं तोंड नाही. उरला असेल तर असू दे.

दादा

ता. क. तुझ्या यांना सांगू नकोस, तुला म्हणून लिहितो. त्याच शनिवारी जिन्यात अत्तरदाणींनी मला थांबवलं होतं. नर्सबाईंचा गैरसमज झाला, एवढं पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर म्हणायचं. मग हॉल कायमचा माझ्याकडे, आणि फळ्यांच्या कामाचे म्हणून वर रोख. मी नाही म्हटलं. चार लाख.