दादर भिजवायचा गंज

मी, बेबाबाई झुलाल नेहेते, वय अठ्ठावन्न, काम घर व शेती, राहणार सावदा, तालुका रावेर, जिल्हा जळगाव, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. ‘शुद्धीत’ हा शब्द बाकीचे लोक नुसता लिहून मोकळे होतात. मला त्याला डॉक्टरांचा दाखला जोडावा लागला आहे. मला बायपोलर नावाचा आजार आहे. कधी मन आभाळाला लागतं, कधी पांघरुणातून उठवत नाही. आजवर चारचौघांत आम्ही ‘शुगर’ सांगत आलो. पोरांनाही तेच सांगायला शिकवलं, याची मला लाज वाटते.

१. माझे पती कै. झुलाल यांच्यामागे माझ्या नावे आलेली केळीची जमीन मुलगी ऋतिका आणि मुलगा तेजस यांना निम्मी निम्मी द्यावी. मुलीला जमीन कशाला, असं विचारणाऱ्या भाऊबंदांनी माझ्या आजारपणात माझी वेणी कोण घालत होतं, ते आधी सांगावं.

२. माझ्या पाटल्या ऋतिकाच्या. एका आजारपणात त्या मी भाजीवालीला देऊन टाकल्या होत्या. बिचारीने दुसऱ्या दिवशी आपणहून आणून दिल्या. माझं शिलाई मशीन तिच्या घरी पोचवावं.

३. आता पितळी गंजाविषयी. हा गंज, म्हणजे मोठं पातेलं, दादर ज्वारी भिजवायचा. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, उन्हाळ्यात घालायचे असतात, हे सावद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मी मात्र मन चढलं की भर श्रावणात ज्वारी भिजत घालायची आणि सगळ्या गल्लीला पुरतील इतके बिबडे करायला निघायची. सकाळी बघावं तर गंज रिकामा. मी नाव घेतलं मोठ्या जावेचं, यमुनाबाईचं. भर गल्लीत तिला शिव्या दिल्या, तिच्या झिंज्या धरल्या. पुढे अंगणात भिंत उभी राहिली आणि आमचं बोलणं कायमचं बंद झालं.

गेल्या दिवाळीनंतर धुळ्याहून एक मॅडम आल्या. ज्यांच्या आईला किंवा बापाला हा आजार आहे, अशा मुलांचा त्या अभ्यास करतात. मी चहा ठेवायला उठले, तर ऋतिका म्हणाली, “आई, तू पण बस. मला तुझ्यासमोरच सांगायचंय.”

मॅडमनी विचारलं, “आईचं बिघडतंय हे लहानपणी कसं कळायचं?”

“आई ज्वारी भिजत घालायची. मी ती म्हशीपुढे ओतून यायची. मला वाटायचं, ज्वारी गेली की आई बरी होईल.”

तेव्हा ती तिसरीत होती. भरला गंज तिला उचलवणार नव्हता, तांब्या-तांब्याने नेली असणार. मी मान खाली घातली, ती अजून पूर्ण वर आलेली नाही.

४. दुसऱ्या दिवशी यमुनाबाईच्या पाया पडायला गेले. तिने मला अर्ध्यातच उठवलं. म्हणाली, “मले माहीत होतं व बेबा. पोरगी गोठ्यात दिसली मले. तिचं नाव सांगतलं असतं तं तू तिले मारलं असतं. मंग म्हटलं, मलेच मार.” हे इथे मुद्दाम लिहिते. माझ्यामागे कोणी तिच्याविषयी वाकडं बोलू नये.

५. तेजसने मॅडमना वेळच दिला नाही. “मले येडा ठरवता का?” म्हणाला आणि गाडीला किक मारून शेतात गेला. हे लपवणं तो माझ्याकडूनच शिकला. मॅडम म्हणाल्या, अशा मुलांना धोका जास्त असतो, पण बहुतेकांना हा आजार होत नाही. आणि लक्ष ठेवलं तर उपचार वेळेवर मिळतात. तेजस, त्यांनी बोलावलं की जा. आणि तिथे शुगर सांगू नको.

६. ऋतिकाला नाशिकला नोकरी लागली होती. गेली नाही. विचारलं तर म्हणते, इथली हवा मानवते. सावद्याचं मे महिन्यातलं ऊन आजवर कोणाला मानवलं आहे? माझ्यामागे हे घर विकावं आणि पैसे दोघांनी वाटून घ्यावेत. ऋतिकाने त्यात राहू नये.

७. आज सहीसाठी सगळे ओटीवर जमले. डॉक्टरांचा दाखला वकिलांच्या हातात होता. ऋतिका “पाणी आणते” म्हणून आत गेली आणि गंजावरचं झाकण उचलल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. ती पाणी न घेताच परत आली. म्हणाली, “कर सही, आई.”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सत्तावीस वर्षांची पोर, आणि अजून माझ्या शुद्धीचा दाखला ती गंजात बघते.

म्हणून गंज मी या मृत्युपत्राने कोणालाच देत नाही. यमुनाबाई साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराच्या नावे यात काही ठेवू नये, असं वकीलही म्हणाले. हा मजकूर पुरा करून, सहीच्या आधी, गंज मी यमुनाबाईच्या हातात देते आहे. यंदाचे बिबडे तिच्या अंगणात घालू, उन्हाळ्यातच. ऋतिका, नाशिकची नोकरी गेली असेल तर दुसरी शोध, पण माझ्या मरणाची वाट बघत थांबू नको. झाकण उचलून बघायला आता तुझी मोठी आई आहे.

वाचून पाहिलं, बरोबर आहे.

सही: बेबाबाई झुलाल नेहेते

आमच्यासमोर सही केली:
१. यमुनाबाई वना नेहेते, जाऊ
२. नवल सुपडू फेगडे, शेजारी

सावदा, दिनांक ९ जानेवारी २०२५